मागची दोन चाकं

लग्न झाल्यापासून माझी बायको मला वणीला चला म्हणते. नाशिकमध्ये राहून सप्तशृंगीच्या गडावर न जाणारा माणूस तिने दुसरा पाहिलेला नाही. मी दरवेळी काहीतरी सांगतो – दुकानात माल यायचा आहे, कंबर धरली आहे, पुढच्या नवरात्रात नक्की. तिला वाटतं, मला घाटाची भीती आहे. तिच्या माहेरी त्यावर थट्टाही चालते. टायरवाल्या जावयाला घाट लागतो म्हणतात. मी हसतो. लागतो असंच त्यांना वाटू दे.

खरं कारण तिला ठाऊक नाही. माझ्या आईवडिलांना कधी कळलं नाही, आणि ज्यांना कळायला हवं होतं त्यांच्यापर्यंत मी ते जाऊ दिलं नाही. आज लिहितो आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. मधेच थांबलो तर समजून घ्या – नाही, समजून घ्या असंही मला म्हणायचं नाही. थांबलो तर थांबलो.

मी येवल्याचा. वडील हातमागावर पैठणी विणायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. मराठी शाळेत शिकून बी.एस्सी. झालो, फिजिक्स घेऊन, सेकंड क्लासमध्ये. निकालाच्या दिवशी वडिलांनी माग बंद ठेवला होता. पण पदवी घेऊन करायचं काय, हे सांगणारं घरात कोणी नव्हतं. वर्षभर भटकलो आणि नव्वदीच्या दशकाच्या शेवटी नाशिकला द्वारका चौकाजवळच्या एका टायरच्या दुकानात येऊन पोचलो.

दुकान अण्णांचं. अण्णा लहानपणी ट्रकवर क्लीनर होते, मग पंक्चर काढायला बसले, मग दुकान झालं. इंग्रजी वाचता येत नव्हतं आणि मुंबईहून कंपन्यांची पुस्तकं तर इंग्रजीत यायची. त्यांनी मला गल्ल्याजवळची खुर्ची दिली. दुकानावरची खोली दिली. दोन्ही वेळचा डबा त्यांच्या घरून यायचा. माझ्या वडिलांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांना येवल्याहून आणायला अण्णांनी स्वतःची जीप पाठवली होती. त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, "आमच्या बीएस्सीला विचारा. तो सांगेल." मग गिऱ्हाइकं मला सर म्हणू लागली. शाळेत मास्तर नसताना सर झालो. तुम्हाला हसू येईल, पण तो शब्द कानावर पडला की माझी पाठ ताठ व्हायची.

हे सगळं मी का सांगतो आहे? अण्णांचे उपकार मोठे होते हे तुम्हाला पटावं म्हणून. म्हणजे पुढे मी जे केलं ते उपकारापोटी केलं, असं तुम्ही आपसूकच धराल. मीही कितीतरी वर्षं तसंच धरलं होतं.

आमच्या धंद्यात एक नियम होता. नवं पुढं, जुनं मागं. नवे टायर आले की ते पुढच्या चाकांना बसवायचे आणि पुढचे अर्धे झिजलेले मागे न्यायचे. ट्रकवाले तेच करत, जीपवाले तेच करत. अण्णांना यात शंका नव्हती, आणि नसायला कारणही होतं. ते क्लीनर असताना कसाऱ्याच्या घाटात त्यांच्या उस्तादाच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या, ट्रकचं पुढचं टायर फुटलं होतं. स्टेअरिंग हातातून गेलं. उस्ताद तिथेच गेला, अण्णांचा पाय अधू झाला. त्यानंतर आयुष्यभर त्यांनी कुणाच्या गाडीला पुढे जुनं टायर लावू दिलं नाही. तो त्यांचा नियम नव्हताच, ते त्यांचं व्रत होतं.

आणि दोन हजार सालानंतर दोनेक वर्षांनी अभिजित ती गाडी घेऊन आला.

निफाडकडची द्राक्षबागाईतदार मंडळी. वडील माल परदेशी पाठवायचे. अभिजित पुण्याला शिकून आलेला, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, बोलायला इतका हळू की आमच्या दुकानातल्या हातोड्यांच्या आवाजात त्याचं अर्धं बोलणं बुडून जायचं. गाडी त्याने मुंबईहून जुनी घेतली होती. गडद हिरवी, दोनच माणसांची, जमिनीला टेकलेली. परदेशी. इंजिन पुढे, पण त्याचा सगळा जोर मागच्या दोन चाकांवर. आपल्याकडच्या नव्या गाड्या पुढच्या चाकांनी ओढत नेतात, ही मागून ढकलत नेणारी – आणि ढकलण्याचा जोर एखाद्या ट्रकच्या इंजिनाएवढा. म्हणूनच मागचे दोन टायर खाचा पुसून पार गोटा झाले होते. पुढचे अर्धे झिजलेले होते आणि वय झाल्याने रबर कडक पडलं होतं. नख लावलं तर खूण उठत नव्हती.

"सर, हिला कोणते टायर लावावेत?" त्याने मला विचारलं. अण्णांना नाही, मला.

मी त्या टायरांचा जो अभ्यास केला तो परीक्षेचाही केला नव्हता. मुंबईच्या व्यापाऱ्याला फोन करून पुस्तकं मागवली. डिक्शनरी घेऊन रोज दुपारी बसायचो. टायरच्या कुशीवरच्या कुठल्या अक्षराचा अर्थ किती वेग, रबर मऊ असलं की रस्ता कसा धरतं आणि लवकर का झिजतं, खाचा कशासाठी असतात – सगळं वहीत न उतरवता पाठ झालं. अभिजितला एक टायर आवडलं होतं. शर्यतीच्या ट्रॅकवरचं, खाचा नावालाच, उन्हात तापलं की डांबराला चिकटावं असं. फोटोत फार देखणं दिसायचं. मी नको म्हणालो. आपल्याकडे चार महिने पाऊस, आणि परतीचा पाऊस वेगळाच. पाण्यावर हे टायर तरंगेल. त्याऐवजी दुसरं दाखवलं. रबर मऊच, पण मधून खोल तिरक्या खाचा, पाणी बाजूला फेकणाऱ्या. तो लगेच हो म्हणाला. मोठ्या घरातल्या माणसाने माझं ऐकून मत बदललं, असं आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं.

टायर मी बरोबर निवडले होते. हे मी आजही सांगेन. चूक निवडीत नव्हती.

मागवलेल्या चारांपैकी दोनच आले. उरलेले दोन मुंबईत अडकले, पंधरवडा लागेल असा निरोप आला. अभिजित थांबायला तयार होता. पण नवरात्र बसलं होतं, आणि त्याच्या आईने नवस बोलला होता की गाडी आधी देवीपुढे जाईल, मग बाकी कुठे. आमच्याकडे गाडी गडावर जाऊन आल्याशिवाय आपली झाली असं कोणी मानत नाही. तेव्हा आलेत ते दोन आज बसवू, बाकीचे मागाहून, असं ठरलं.

तो सकाळी आला, सोबत धाकटी बहीण पल्लवी. खरं तर आई जाणार होती. पल्लवीने एका ट्रॅक्टरच्या टायरवर बसून चहा पिता पिता ते सांगितलं. गाडीची सीट इतकी खाली, की गुडघे धरलेल्या माणसाने बसायचं कसं? "आई बसली असती हो सर," ती म्हणाली, "पण उठवायला तुमचा जॅक न्यावा लागला असता." दुकानातले सगळे हसले. अण्णाही. तिच्या मांडीवर ओटीचं ताट होतं, खण, नारळ, आणि गाठ मारलेली हळदकुंकवाची पुडी.

गाडी जॅकवर चढली. चारही चाकं उतरली. फिटरने विचारलं, कुठले कुठे?

"नवं पुढं," अण्णा म्हणाले. "विचारायचं काय त्यात?"

आता ऐका. मला माहीत होतं. मुंबईच्या त्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं. दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे लावा, आणि मागच्या चाकांवर जोर असलेल्या गाडीला तर मागेच. त्या वाक्याखाली मी पेन्सिलने रेघही ओढली होती. आणि पुस्तक नसतं तरी काय? माझी पदवी फिजिक्सची होती. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी नुसती सरळ जाते, ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की सावरते. मागची घसरली तर गाडीच फिरते. आणि फिरायला लागलेली गाडी साधा माणूस सावरू शकत नाही. माझे वडील म्हणायचे, गिऱ्हाईक पदर पाहतं, विणकराने पाठ पाहावी. मी पाठ पाहिलेली होती. त्या दुकानात, कदाचित त्या वेळी अख्ख्या द्वारकेवर, ती गोष्ट माहीत असलेला मी एकटा होतो.

अभिजितने अण्णांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे वळला. "सर, तुम्ही काय म्हणता?"

एक वाक्य बोलायचं होतं. अण्णा, या गाडीला उलटं करावं लागतं. बस, एवढंच. अण्णा रागावले असते का? कदाचित घटकाभर. गिऱ्हाइकापुढे, नोकरांपुढे, त्यांच्या अधू पायापुढे मी त्यांना खोटं ठरवलं असतं. ते माझ्याकडेच पाहत होते – रागाने नाही, कौतुकाने. आमचा बीएस्सी काय सांगतो ते ऐका, अशा नजरेने.

"अण्णा म्हणतात ते बरोबर आहे," मी म्हणालो.

नवे पुढे लागले. पुढचे जुने, कडक पडलेले, मागे गेले. अण्णांनी चारही चाकांखाली लिंबं ठेवायला लावली. पल्लवी खाली वाकली आणि पुडी सोडून तिने टायरांना हळदकुंकू लावलं. फक्त पुढच्या दोनांना. मागचे जुने होते ना.

जाताना तिने काचेतून हात हलवला. मीही हलवला. मनात म्हटलं, पाऊस नाही. ऊन पडलंय. जाऊन येईल.

दर्शन झालं. उतरताना पायथ्याच्या नांदुरी गावाच्या बाजूला पावसाची एक सर आली आणि गेली. पाच-दहा मिनिटांची असेल, रस्ता ओला होण्यापुरती. एका साध्या वळणावर गाडी मागून सुटली, गर्रकन फिरली आणि पल्लवीच्या बाजूने कठड्याच्या दगडांवर आदळली. अभिजितचा खांदा निखळला. दवाखान्यात पोचेपर्यंत पल्लवी गेली होती.

वळणावर त्याने पाय उचलला असेल. कोणीही उचलतो, तो शहाणपणाच आहे. पुढच्या नव्या टायरांनी रस्ता धरला, मागच्यांनी सोडला. मी ते पाहिलेलं नाही, पण इतक्या वेळा पाहिलं आहे की काय सांगू.

लोक काय म्हणाले ते तुम्हाला सांगायला नको. पैसेवाल्याचं पोर, परदेशी गाडी – पळवत असणार. पेपरातही भरधाव असं छापून आलं. अण्णाही तेच म्हणाले, मग बराच वेळ डोकं धरून बसले. पोलिसांनी गाडी पाहिली. टायर फुटलेलं नव्हतं, ब्रेक ठीक होते. मागच्या टायरांना झिजलेल्या का होईना, खाचा होत्या. संशय यावा असं काही नव्हतंच. चालवणाऱ्याची चूक.

ते उरलेले दोन टायर ठरल्याप्रमाणे पंधरवड्याने आले. कागदाच्या पट्ट्या गुंडाळलेले, अंगावर नव्या रबराचे बारीक केस तसेच. नाशिकमध्ये दुसऱ्या कुठल्या गाडीला ते लागणार नव्हते. मी ते मागच्या भिंतीला टेकवून ठेवले.

दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी अभिजित आला. एस.टी.ने आला होता. हात गळ्यात बांधलेला. बसा म्हटलं तरी बसला नाही. त्याची नजर फिरत फिरत त्या भिंतीपाशी गेली.

"हे तेच का, सर? आपले राहिलेले?"

मी हो म्हणालो. तो जवळ गेला, एका टायरवरून त्याने बरा हात फिरवला. त्या रबरी केसांवरून, अगदी सावकाश. मग माझ्याकडे न बघता बोलू लागला. त्याचा आवाज नेहमीसारखाच हळू, पण त्या दिवशी दुकानात हातोडा चालू नव्हता, म्हणून सगळं ऐकू आलं.

"आई माझ्याशी बोलत नाही. मी समोर असलो तरी दुसऱ्याला सांगते, त्याला म्हणावं जेवायला वाढलंय. तिचं बरोबर आहे. पण सर, मला आठवतं ना, वेग नव्हता. पल्लवीच्या मांडीवर प्रसादाचं ताट होतं, सांडेल म्हणून मी हळूच येत होतो. मग वाटतं, मीच माझी समजूत घालतोय. तुम्हाला यातलं कळतं, म्हणून विचारायला आलो. टायरचं काही असेल का हो?"

बघा. तो मला दोष द्यायला आला नव्हता. त्याला फक्त कळून घ्यायचं होतं. घरी जाऊन आईला सांगता येईल असं एक वाक्य त्याला हवं होतं, आणि ते माझ्यापाशी होतं.

मी म्हणालो, "टायर नवे होते, भाऊ. टायरने असं होणार नाही."

तो मान हलवत राहिला. "म्हणजे माझाच हात," तो म्हणाला. आणि मग – हे मला सर्वांत जड जातं – म्हणाला, "बरं झालं विचारलं. मनात उगाच शंका होती. थँक्यू, सर."

आता तुम्ही म्हणाल, पुन्हा अण्णांची भीड. पुन्हा उपकार. मीही बायकोला कधी सांगितलंच तर असंच सांगायचं ठरवलं होतं. पण त्या दुपारी अण्णा दुकानात नव्हते. मालेगावला लग्नाला गेले होते. फिटर जेवायला गेले होते. आम्ही दोघंच होतो. कुणाची भीड नव्हती, कुणाचा मान राखायचा नव्हता. मग कशाला भ्यालो? पोलिसांना? तो विचारही तेव्हा मनात नव्हता. मी खरं बोललो असतो तर त्याने मला पुन्हा सर म्हटलं नसतं. एवढंच. येवल्याच्या विणकराच्या पोराला मिळालेला तो एक शब्द मला सोडवला नाही, आणि त्या बदल्यात मी त्याच्या आईचं बोलणं त्याच्याकडून काढून घेतलं.

मग दिसतं, पहिल्या दिवशीही तेच होतं. अण्णांना खोटं पाडायचं नव्हतं हे खरं, पण त्यांच्या त्या कौतुकाच्या नजरेतून खाली उतरायचं नव्हतं हे त्याहून खरं. अण्णा आता नाहीत. त्यांना मी खांदा दिला. आपला नियम बरोबर होता, असं मानूनच ते गेले. त्यांच्याकडे बोट दाखवावं असं काही नाही. त्यांना माहीत नव्हतं. मला होतं.

आता माझं स्वतःचं दुकान आहे. कुठलीही गाडी येवो, दोनच टायर बदलायचे असले तर मी नवे मागे लावतो. लोक वाद घालतात, काही उठून दुसरीकडे जातात, पण मी ऐकत नाही. इथे याला सरांचा हट्ट म्हणतात. काही तर दुरून मुद्दाम येतात, त्या सरांकडे जा म्हणून. चांगलं नाव झालं आहे. ते नाव कशावर उभं आहे, ते फक्त मला माहीत आहे. आणि त्या दोन टायरांना, जे मी स्वतःचं दुकान काढताना अण्णांकडून मागून आणले. वर माळ्यावर आहेत. रबर पार कडक झालं आहे. नख लावलं तर खूण उठत नाही.

निफाडकडचं गिऱ्हाईक आलं की मी आडून विचारतो. अभिजितने पुन्हा कुठलीच गाडी चालवली नाही. बागेतला ट्रॅक्टरसुद्धा नाही. लग्न केलं नाही. आई अजून तशीच, त्याला म्हणावं जेवायला वाढलंय. एकदा मी निफाडला गेलो. त्यांच्या फाटकापर्यंत. ओसरीत ती बाई तांदूळ निवडत बसली होती आणि पलीकडे खांबाला टेकून तो उभा होता. दोघांत चार हात अंतर. त्याने मला पाहिलं, ओळखलं, हात वर केला. मी रस्ता चुकलो असं सांगून परत आलो.

समोर उभं राहून सांगायचं बळ माझ्यात आजही नाही. ही भित्रेपणाची तिसरी खेप. म्हणून इथे लिहितो. तो वाचेल की नाही, ठाऊक नाही. वाचून त्याने काय करावं, हे मी कोण सांगणार?

गाडी मागून सुटली, अभिजितभाऊ. मागचे टायर जुने होते. ते तिथे नको होते हे मला माहीत होतं, आणि तुम्ही विचारलं तेव्हा मी बोललो नाही. दोनदा विचारलंत, दोनदा बोललो नाही. तुमच्या आईंना सांगा.

वेग नव्हता.